सोयर कुणाला

हीरालक्ष्मीचा फोन आला तेव्हा मी मोहरीच्या तेलात ओवा टाकत होते, बाळ-बाळंतिणीला चोळायला. "परवा सकाळी आठला ये. सहावा दिवस आहे," एवढंच म्हणाली आणि ठेवला. मी तशीच उभी. ओवा करपून काळा झाला तरी मला पत्ता नाही. ये म्हणजे काय? काय म्हणून ये? बेचाळीस वर्षं हिच्या घरून मला ये म्हणून निरोप येतो आहे आणि मी जाते आहे, त्यात कधी डोकं चालवावं लागलं नाही. अमात्यांच्या घरात मूल झालं, ये. माणूस गेलं, ये. मुंज आहे, लग्न आहे, म्हाताऱ्याची सत्त्याहत्तरी आहे, ये. मी नखं काढायची नराणी फडक्यात गुंडाळायची, अळत्याची वाटी घ्यायची आणि चालू लागायची. पाटणमधल्या सतरा नेवार घरांची न्हावीण मी, आष्टमाया नापित. नवरा होता तोवर तो डोकी करायचा, मी पायांची नखं काढायचे. आम्ही दोघं जाऊन आल्याशिवाय त्या घरांतलं सोयर फिटत नसे की सुतक. पण आता तिथे बाळंत झाली आहे ती माझी रोजिना, माझ्या पोटची. म्हणजे त्या घराची न्हावीणही मीच आणि विहीणही मीच. दोन्ही शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. ऐकायला जवळजवळ सारखेच. पण न्हावीण खाली चटईपाशी बसते आणि विहीण वर जाऊन जेवते. अमात्यांकडे चूल सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि तिथला धूर मी आजवर खालूनच पाहिला आहे. आमच्या हातचं पाणी त्यांना चालायचं, भात चालायचा नाही. करपलेलं तेल ओतून दिलं, पातेलं घासलं आणि नवं तेल चढवलं. करायचं काय दुसरं.

दुपारी रोजिनाचा फोन. मागे बाळाची कुरकुर ऐकू येत होती, मी फोन कानात घुसवलाच जवळजवळ. "मां, नराणी आणायची नाहीस तू," पोरगी एकदम अंगावरच आली. मी म्हटलं, "मग काय आणू?" "काही नको. तूप आण, तेल आण, नवी साडी नेस. आजीसारखी ये." "आणि नखं?" "नखं मी नेलकटरनं काढीन. नाहीतर पार्लरमधून मुलगी बोलावते, तासाभरात येते." तेवढ्यात मागून हीरालक्ष्मीचा आवाज, "पार्लरवालीनं सोयर फिटतं होय गं? मग पूजाही तिच्याकडूनच करून घे!" रोजिनानं फोनवर हातसुद्धा ठेवला नाही. "मग राहू दे सोयर. माझी आई माझ्या सासरच्यांचे पाय हातात घेणार नाही, सांगून ठेवते. मां, तू नराणी आणलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." आता घ्या. मुलगी म्हणते नराणी आणू नकोस, विहीणबाई नराणीशिवाय सोयर फिटल्याचं मानणार नाही. आणि सोयर फिटलं नाही तर पोरीला कोणी उन्हात नेणार नाही, देवघर बंद राहील, चौकातल्या बायका कुजबुजतील आणि बोल लागेल तो माझ्याच मुलीला. दुसरी न्हावीण आणावी म्हटलं तर आहे कुठे? माझ्या जावेला गुडघ्यानं जागचं हलता येत नाही, पुतणी जपानला गेली, बाकीच्यांनी नराण्या कधीच ट्रंकेत टाकल्या. आणि मला काय हवं आहे ते या गडबडीत मला कोणी विचारलंच नाही. मला माझी नात मांडीवर घ्यायची होती. इस्पितळात काचेतून पाहिली होती, टोपीतून नाकाचा शेंडा तेवढा दिसला. तिला माझा पहिला हात लागेल तो आजीचा लागावा, एवढंच. पण न्हाविणीच्या मांडीवर मूल देत नाहीत. न्हावीण मुलाचं नख धरते, मूल नाही.

मी सतरा वर्षांची असताना सासू मला पहिल्यांदा अमात्यांच्या घरी घेऊन गेली. तिथल्या थोरल्या भावाच्या सुनेला मुलगा झाला होता. मी मोजले, त्रेचाळीस माणसांचे पाय. आधी म्हातारे, मग वयाप्रमाणं पुरुष, मग बायका, मग पोरं. दुपार कलंडली तरी संपेनात. माझी मान आखडली, बोटांना कळ लागली. माणसं मला तोंडानं लक्षातच राहिली नाहीत, पायांनी राहिली. भेगांचे पाय, फुगलेले पाय, एका काकांचा अंगठा लहानपणी दाराखाली सापडलेला, एक आत्या होती ती पाय देताना डोळे मिटून घ्यायची. बायकांत शेवटून दुसरी एक नवी सून होती, माझ्याच वयाची, महिन्याभरापूर्वी लग्न होऊन आलेली. मी तिची टाच हातात घेतली आणि ती फिस्सकन हसली. तिला गुदगुल्या होत होत्या. तिच्या सासूनं असा डोळा वटारला की बिचारी रडवेली झाली. मी नराणी हळू धरली, करंगळीजवळ नुसती टेकवली, तिनं ओठ दाबून माझ्याकडे पाहिलं. ती हीरालक्ष्मी. नवी सून म्हणून मी तिला मैजू म्हटलं आणि आज एकोणसाठाव्या वर्षीही मैजूच म्हणते. तिनं माझं तोंड पाहिलं असेल त्याहून माझा भांग जास्त पाहिला असेल. तो पिकत गेला तोही तिनंच आधी पाहिला, "आष्टमाया, पांढरा आला गं एक," म्हणाली होती. तिची तिन्ही बाळंतपणं माझ्या हातून फिटली. धाकटा निरोज तर असा लाथा झाडायचा की त्याची इवलीशी पावलं धरायला दोघी लागायच्या. माझ्या जावयाची पहिली नखं मीच काढलेली आहेत, असं म्हणणाऱ्या सासवा जगात किती असतील देव जाणे.

मला रोजिना झाली तेव्हा सहाव्या दिवशी माझ्या सासूनं माझी नखं काढली आणि मग ती नराणी बाळाच्या मुठीला टेकवून म्हणाली, "घे गं, तुझीच आहे." लाडानंच म्हणाली, वाईट बाई नव्हती ती. पण मी ती मूठ झटकन दुपट्यात झाकली. सतरा घरांतले पाय मला एकदम डोळ्यांपुढे दिसले, आणि त्या सगळ्या पायांशी वाकलेलं ते एवढंसं डोकं. मुलगा झाला असता तर घरं त्याच्या वाट्याला, मुलगी म्हणून नराणी, आणि अजून झाली असती तर आणखी हात, आणखी घरं सांभाळायला. सासूची स्वतःची सात झालेली, त्यांतली चार जगली. ती म्हणायची, आपल्याकडे हात लागतात. मी रोजिना दीड वर्षाची असताना शिबिरात जाऊन ऑपरेशन करून आले. नवऱ्याला आधी विचारलं होतं. तो वस्तरा परजत म्हणाला, "तुझं शरीर, तू बघ. आईला मात्र तूच सांग." मी सांगितलं. सासू वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आणि बोलली तेव्हा पहिलं वाक्य काय, "सतरा घरं आता कोण बघणार?" मी म्हटलं, "बघतील आपापली, त्यांना काय हात नाहीत?" आज वाटतं, म्हातारीला लागेल असं बोलले. पण एकच पोर असेल तरच तिला शाळेत घालता येणार होतं, एकच असेल तरच त्या रांगेतून तिला सोडवून बाहेर काढता येणार होतं. दुसरं व्हावं असं कितीदा वाटलं, पाळीच्या दिवसांत उगाच रडायचे. पण मी घट्ट राहिले. मला वाटायचं, सगळ्या पाटणमध्ये मी एकटीच शहाणी. आणि वर अमात्यांकडेही तेच चाललं होतं की! त्यांची कारणं वेगळी. भावाभावांत घर उभं कापून वाटलं, एकेकाच्या वाट्याला खोलीभर रुंदी आली, पोरांना इंग्रजी शाळा, मग परदेश. सोयराची बोलावणी आधी वर्षाला तीन, मग दोन वर्षांतून एक. नंतर नंतर तर मी त्या घरी फक्त सुतकं फिटवायला जात होते.

रोजिना जनगणनेच्या कचेरीत कामाला लागली. एकदा तिनं मला तिचा संगणक दाखवला. नुसत्या ओळीच ओळी, प्रत्येक ओळीत एक जात आणि त्या जातीतल्या बाईला किती पोरं होतात त्याचा आकडा. बामण, छेत्री, तामांग, थारू, मुसलमान, मधेशी दलित. मी विचारलं, "आणि आपण?" तिनं बोट ठेवलं, "हे काय, नेवार. जवळजवळ तळाला." "आणि अमात्य कुठे?" "तेही नेवारच ना, मां. सगळे यातच." "म्हणजे मी आणि हीरालक्ष्मी एकाच ओळीत बसलोय?" "हो." मला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. "तिला सांगू नकोस गं बाई, आंघोळ करून घेईल." रोजिनाही हसली, मग घाईनं दुसरंच पान उघडलं. तेव्हा तिचं आणि निरोजचं जमलं होतं, मला ठाऊक नव्हतं. कॉलेजपासूनच जमलं होतं. पुढं सहा महिन्यांनी दोघं कचेरीत लग्नाच्या सह्या करून आले. मला आधी भीती वाटली आणि मग, खरं सांगते, गुपचूप आनंद झाला, आणि मग पुन्हा भीती वाटली.

निरोजच्या वडलांनी दार लावून घेतलं. मुलालाही आणि सुनेलाही. गंमत बघा, मला नाही लावलं. दोन महिन्यांनी त्यांच्याकडे वर्षश्राद्ध होतं तर निरोप आला, ये. मुलीला दार बंद आणि आईला उघडं, कारण आई कामाची. मी गेले. रोजिनाला कळलं तेव्हा आठवडाभर फोन उचलला नाही तिनं. म्हणाली, तुला लाज कशी वाटत नाही. आता तिला काय सांगू, त्या घरात काय चाललंय ते कळायला मला दुसरा रस्ता नव्हता. पाय हातात असले की माणूस बोलतं. चार वर्षांपूर्वी निरोजचे वडील गेले. दहाव्याला निरोजला बोलावलं, त्याचं डोकं केलं, थोरला अमेरिकेतून पोचला नव्हता. बायकांची नखं काढायला मी बसले. सुनांच्या जागी कोणीच नाही. थोरली तिकडेच, आणि धाकटीला, माझ्या रोजिनाला, कोणी बोलावलंच नव्हतं. नवऱ्याला बापाचं सुतक आणि बायकोला नाही, असं कधी असतं का? पण होतं. माझ्या मुलीनं त्या दिवशी आपल्या भाड्याच्या खोलीत भाजीला फोडणी दिली, केस विंचरले, ऑफिसला गेली. आपल्याला विटाळ नाही म्हणजे आपण त्यांचे कोणी नाही. चाळीस वर्षं लोकांचे विटाळ फिटवून मला हे तेव्हा कळलं, विटाळ लागायलासुद्धा आधी माणूस कोणाचं तरी असावं लागतं. मी मान खाली घालून हीरालक्ष्मीचा पाय हातात घेतला, थंडगार होता. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या घोट्यावर पडलं असणार, कारण तिनं अगदी हळू विचारलं, "तुझी पोरगी बरी आहे?" "बरी आहे मैजू." "पोटी काही?" "नाही." "होत नाही की नको म्हणतात?" "नको म्हणतात." मी दुसरा पाय घेतला. तेव्हा ती म्हणाली, "सगळे नकोच म्हणतात गं." थोरल्यानं आणि त्याच्या बायकोनं तिकडे कुत्रा पाळला होता आणि फोनवर तो तिला दाखवायचे. मुलगी सिडनीत, लग्नच करणार नाही म्हणालेली.

गेल्या वर्षी पस्तिसाव्या वर्षी रोजिनाला दिवस गेले. ठरवून की चुकून ते मी विचारलं नाही. सातव्यात मी रीतीप्रमाणं दही-पोहे घेऊन तिच्याकडे गेले, तर जिन्यात हीरालक्ष्मी. तीन मजले चढून धापा टाकत होती, मला बघून पायरीवरच बसली. "तिला घरी न्यायला आलेय," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार नातवंडं असती ना आष्टमाया, तर मी तिला उंबरा ओलांडू दिला नसता. खोटं कशाला बोलू?" मला राग यायला हवा होता. आलाही. म्हणजे घरात भरभरून माणसं असती तर माझी मुलगी नकोच होती, आता टंचाई पडली म्हणून गोड! पण त्याच पायरीवर बसून मला असंही वाटलं, ही बाई निदान खरं तरी बोलते. आणि तिचे गुडघे सुजलेले मला साडीतूनही दिसत होते, ते काय मला नव्यानं दिसायचे होते? मी तिच्या दंडाला धरून वर नेलं. रोजिनानं नंतर मला सांगितलं, "मां, आकडे कमी झाले की माणसं मऊ होतात. आमच्याकडे याला ओळ नाही एवढंच." कडू बोलते पोरगी. पण गेली सासरी. आणि दही-पोहे सासूनं आणि सुनेनं एकाच ताटलीतून खाल्ले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सहाव्या दिवशी सकाळी माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत तूप, गूळ, ओव्याचं तेल आणि मऊ धुतलेल्या जुन्या लुगड्यांची दुपटी. दुसरीत नराणी आणि अळता. दुसरी मी तीनदा बाहेर काढून ठेवली आणि तीनदा परत घेतली. साडी नवी नेसले, मग वाटलं खाली बसायचं झालं तर चुरगळेल, मग म्हटलं चुरगळू दे. रस्ताभर दोन्ही पिशव्या या हातातून त्या हातात करत होते. दारात हीरालक्ष्मी उभी होती. पिशव्यांकडे बघितलं तिनं. "दोन्ही आणल्यास?" "दोन्ही." "बरं केलंस," म्हणाली, पण कुठली आणली ते बरं केलं हे काही कळू दिलं नाही. आत माजघरात चटई घातली होती. खोली केवढी मोठी वाटत होती! बसलेली माणसं तीन, हीरालक्ष्मीची विधवा जाऊ, निरोज आणि बाळ घेऊन रोजिना. रोजिनानं दुसऱ्या पिशवीतून डोकावणारं फडकं ओळखलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी काही ठरवून आले नव्हते. जमिनीवर बसले आणि मग तोंडातून निघालं. "रोजी, इकडे बघ. माझ्या नातीच्या नखाला दुसरं कोणी हात लावणार आणि मी तूप घेऊन बघत बसणार? ते मला जमायचं नाही." ती भिंतीकडेच बघून म्हणाली, "तू जन्मभर वाकलीस, अजून पुरे नाही झालं?" "झालं की. पुरे झालं म्हणून तर तुला एकटीला जन्माला घातलं. पण काम वाईट नव्हतं गं ते. सक्ती वाईट होती. आज मला वाटतंय म्हणून करते." निरोज मधेच घसा खाकरत म्हणाला, "आई, माझी मीच काढून येतो हवं तर…" मी म्हटलं, "गप बसा जावईबापू. पहिल्या वेळी लाथा मारल्या होत्यात, आता मारू नका म्हणजे झालं." त्याची काकू खुदकन हसली आणि खोलीतली हवा जरा सैल झाली.

आधी हीरालक्ष्मी. वय साठाला आलं तरी गुदगुल्या तशाच, करंगळीपाशी पाय हिसडलाच. मग काकू. मग निरोज, लाजून लालेलाल झालेला. मग मी रोजिनासमोर सरकले आणि हात पुढे करून बसून राहिले. मागितलं काही नाही. किती वेळ गेला कोण जाणे. अकराव्या वर्षापासून तिनं मला पायाला हात लावू दिलेला नव्हता. शाळेतल्या एका मुलीनं तिला नखवाली म्हटलं होतं, त्या दिवसापासून. आणि मग दुपट्याखालून एक पाय आला. सुजलेला, गरम. त्याची ठेवण मला पाठ होती, दुसरं बोट अंगठ्याहून लांब, बापासारखं. मी तो दोन्ही हातांत धरला आणि मला नख दिसेचना, सगळं पाणीच पाणी. "मां, कापशील मला," ती रडत म्हणाली. "गप गं, बेचाळीस वर्षांत कोणाला कापलं नाही." हळूहळू दहाही झाली, अळता लावला. मग बाळ. रोजिनानं ते सासूच्या मांडीवर दिलं, रीतच तशी आहे. मूठ उघडली तर नखं इतकी मऊ की त्यांना लोखंड लावणं जिवावर येत होतं. नराणी नुसती टेकवली. नातीनं माझं बोट धरलं आणि सोडेना. मी तशीच ओणवी राहिले, पाठीला कळ लागेपर्यंत.

सोडलं तेव्हा मी नराणी पुसली आणि फडकं उलगडलं गुंडाळायला.

"थांब," हीरालक्ष्मी म्हणाली. "आणि तुझी?"

"माझी काय?"

"नखं. तुझी राहिली की."

मला कळेचना. न्हाविणीची नखं यजमानाघरी कोण काढतं? "मला कसलं सोयर, मैजू? सोयर घरच्यांना."

"का? नात तुझी नाही?"

"माझीच. पण मुलीच्या माहेराला लागत नाही ते. मी सांगायला हवं का तुम्हाला?"

"मला नियम शिकवू नकोस," ती खेकसली. "ते नियम घर भरलेलं होतं तेव्हाचे. आता याला लागत नाही, तिला लागत नाही, असं वजा करत बसले तर उरतं कोण? तूच बघ की या खोलीत." आणि बाळ तिनं उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. एवढंसं वजन, पण मी दोन्ही हातांनी आवळून धरलं. "चटईवर सरक. आणि ती नराणी दे इकडे."

ती कण्हत कण्हत माझ्या जागेवर, जमिनीवर बसली. चष्मा नाकावर ओढला. निरोज उठायला लागला तर त्याला हातानंच बसवलं. नराणी धरली ती उलटी. "उलटी आहे, मैजू," मी म्हटलं. "मग सुलटी करून दे ना, नुसती सांगतेस काय!" मी करून दिली. रोजिना आमच्या दोघींकडे बघत होती, तोंडावर पदर घट्ट दाबून.

बेचाळीस वर्षं मी त्या घरात पायांपाशी बसले. पाय पुढे कसा करायचा असतो ते मला येतच नव्हतं. साडीखाली आवळून धरलेला, तो निघेचना.

"अगं, कर की पुढे," हीरालक्ष्मी कुरकुरली. "गुडघे दुखतात माझे."

मी पाय पुढे केला. मला सोयर होतं.